कार्बोरेटरवाली जुनी गाडी फटके मारते, स्लोला थरथरते? आधी कार्बोरेटर सोडून बाकी सगळं बघा

आमच्याकडे ९१ ची मारुती ८०० आहे, चार गिअरची, बाबांनी घेतलेली आणि आता माझ्या गळ्यात पडलेली. मध्ये सहा-सात महिने तिनं नुसता वैताग दिला. सिग्नलला उभी केली, स्लोला म्हणजे एक्सलेटर न देता इंजिन नुसतं चालू ठेवलं, की आख्खा डॅशबोर्ड थरथरायचा, सुटताना एक्सलेटरवर पाय ठेवला की बॉनेटखालून फट्, आणि उतारावर पाय काढला की मागे सायलेन्सरमधून फाट फाट, खंबाटकी उतरताना तर पुढचा बाईकवाला मान वळवून बघायला लागला की याला कोण मागून फटाके लावतंय. दोन गॅरेजला दाखवली, दोघांनीही पहिल्या दहा मिनिटांत कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलला, दोघांनी किट (त्याच्या नव्या भागांचा संच) टाकलं, पैसे घेतले, चार दिवस बरी चालली की पुन्हा तेच. शेवटी निघालं काय, तर डेल्कोच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीनं करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या, आतली बोटाच्या दोन पेरांएवढी अर्थिंगची वायर.

म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. उदाहरण ८०० चं घेतलंय कारण तीच मला नीट माहितीये, पण पद्मिनी, ओम्नी, जुनी जिप्सी, पॉइंट (डेल्कोतला करंट तोडणारा-जोडणारा स्विच) आणि कार्बोरेटर असलेली कुठलीही पेट्रोल गाडी असेल तरी क्रम हाच, आकडे फक्त त्या गाडीचे बघून घ्यायचे. आणि एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, एका वेळी एकच वस्तू बदलायची, मग गाडी चालवून बघायची, मग पुढची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशानं सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर मग देवच वाली.

कामाला लागण्याआधी गाडी उघड्यावर घ्या, बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तास तास काम करू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला वीट. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन फॅन-बेल्टपासून लांब. जवळ छोटं फायर एक्स्टिंग्विशर, नसेल तर निदान वाळूची बादली, कारण जी गाडी कार्बोरेटरमधून फटके मारते तिच्यावर एअर फिल्टर काढून वाकून बघणं म्हणजे भुवया पणाला लावणं आहे.

आवाज नक्की कुठून येतोय

लोक सगळ्यालाच बॅकफायर म्हणतात, पण पुढचा फटका आणि मागचा फटका ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पुढून, म्हणजे कार्बोरेटर किंवा एअर फिल्टरच्या डब्यातून खोकल्यासारखा फट् आला, तर इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना आतली आग उलटी बाहेर आलीये. याची कारणं साधारण अशी की मिक्श्चर लीन आहे म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, असं मिक्श्चर हळू जळतं आणि पुढचा चार्ज आत यायला लागला तरी विझलेलं नसतं, किंवा करंट चुकीच्या सिलिंडरला जातोय, किंवा टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी पडायची वेळ) हललंय, किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये.

मागून सायलेन्सरमधून आला तर न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाऊन तिथं पेटतंय. म्हणजे कुठलातरी सिलिंडर मिस होतोय, किंवा मिक्श्चर फार रिच आहे म्हणजे पेट्रोल जास्त हवा कमी, किंवा टायमिंग फार मागे आहे म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय, आणि यात भर म्हणजे सायलेन्सरच्या जॉइंटला लीक असेल तर बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते आणि फटका दणदणीत होतो. हे लीक बघायला सोपं, सकाळी गाडी थंड असताना चालू करा, कुणालातरी जाड ओलं फडकं घेऊन सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबायला सांगा आणि तुम्ही पुढं एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी कान द्या, फुस फुस आलं की पॅकिंग गेलंय. तिथं काजळीचा काळा पट्टाही दिसतो बहुतेक वेळा.

स्लोला थरथरण्याचं म्हणाल तर एक लक्षात घ्या, ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, ते थोडं हलणारच, चार सिलिंडरच्या गाडीसारखं ते कधीच बसणार नाही. दोष कुठला आणि स्वभाव कुठला हे ताल ऐकून कळतं. एकसारखी थरथर म्हणजे स्वभाव किंवा फार तर इंजिनचं माउंटिंग दबलेलं. मध्येच ठेका चुकून झटका बसतो, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला की फुप् फुप् मध्ये एक ठोका गायब होतो, ते मिसिंग.

चोकची चाचणी, फुकटातली

हे कुणी का सांगत नाही कळत नाही. गाडी गरम झाली, स्लोला थरथरतीये, आता चोकचा (हवा अडवून मिक्श्चर रिच करणाऱ्या पडद्याचा) नॉब अगदी थोडा, अर्धा-एक सेंटीमीटर ओढा. थरथर कमी झाली, आवाज भरला, तर गाडी लीन आहे, म्हणजे कुठूनतरी फुकटची हवा आत येतीये किंवा स्लो जेट (स्लोला पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक) तुंबलाय. चोक ओढल्यावर आणखी बिघडली, काळा धूर आला, बंदच पडली, तर गाडी आधीच रिच आहे. आणि काहीच फरक पडला नाही, ठेका तसाच चुकत राहिला, तर दुखणं मिक्श्चरचं नाहीच, करंट किंवा व्हॉल्व्हकडे जा. माझ्या गाडीत तिसरा प्रकार होता, आणि तरी दोन वेळा किट टाकलं गेलं, आता बोला.

दुसरी स्वस्तातली युक्ती पीयूसीवाल्याकडची. तो नळी घालून सर्टिफिकेट देतो तेव्हा नुसता पास-नापास बघू नका, सीओ (कार्बन मोनॉक्साईड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) हे दोन आकडे विचारा. एचसी भरपूर आणि सीओ कमी म्हणजे पेट्रोल जळतच नाहीये, मिसिंग किंवा लीन. सीओ भरपूर म्हणजे रिच. २००० च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला सीओची मर्यादा ३ टक्के आहे, तुमची गाडी त्याच्या वर असेल तर उत्तर निम्मं मिळालंच.

प्लग

तिन्ही प्लग काढा आणि काढलेल्या क्रमानं फडक्यावर ठेवा, मिसळू नका. पट्ट्याच्या बाजूचा एक नंबर. फिकट विटकरी किंवा राखाडी रंग असेल तर तो सिलिंडर सुखी आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच किंवा करंट कमजोर. ओला आणि पेट्रोलचा वास, म्हणजे प्लग ओव्हर झालाय, तिथं आग लागतच नाहीये. पांढराफट्ट म्हणजे लीन. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, ते वेगळं आणि खर्चिक प्रकरण. तिन्ही सारखेच काळे असले तर कारण सगळ्यांना कॉमन आहे, चोक अडकलाय, फ्लोटची (कार्बोरेटरमधलं पेट्रोल ठरावीक उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी चुकलीये, एअर फिल्टर चोंदलाय असं काहीतरी. एकच वेगळा दिसला तर त्या एका सिलिंडरची वायर, प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हला ठेवलेली बारीक फट), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) एवढंच बघायचं.

प्लगच्या टोकांमधला गॅप फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, ८०० ला ०.७ ते ०.८ मिमी. नवीन प्लगसुद्धा मोजूनच लावा, डब्यातून काढला आणि बसवला असं करू नका. चिनी मातीवर केसाएवढी चीर असली तरी प्लग फेकून द्या.

सिलिंडर नेमका कुठला मिस होतोय ते शोधायला इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढून तिला जुना प्लग लावून तो बॉडीला नीट अर्थ करून ठेवा, मग चालू करा. चालू इंजिनवर वायर ओढत बसू नका, झटका बसतो तो बसतोच आणि नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत मॉड्यूल उडतं. ज्याची वायर काढल्यावर गाडी बदलतच नाही तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला आहे.

करंट आणि डेल्को

इथं मी जास्त वेळ घालवणार आहे कारण माझ्या मते जुन्या गाडीतली निम्म्याहून जास्त फटकेबाजी इथूनच येते, लोकांना ती कार्बोरेटरची वाटते.

रात्री, गाडी उघड्यावरच ठेवून आजूबाजूचा लाईट बंद करून, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि प्लग वायरींवर झाडांना मारायच्या स्प्रेनं पाण्याचं अगदी बारीक धुकं सोडा, हात लांब ठेवून. वायर फुटलेली असेल तर निळ्या मुंग्या धावल्यासारखा करंट दिसतो, टक टक आवाजही येतो. दोन वायरी एकमेकींना घासून जात असतील तर एकीचा करंट दुसरीत उडतो आणि चुकीच्या वेळी चुकीच्या सिलिंडरला आग लागते, पुढून फटका. पावसाळ्यातच गाडी फटके मारते आणि उन्हाळ्यात नाही असं असेल तर शंभर टक्के आधी हेच बघा.

मग डेल्कोची कॅप काढा. आतून पुसा आणि उजेडात तिरकी धरून बघा, दोन टोकांमध्ये पेन्सिलनं मारल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो करंटनं पाडलेला रस्ता आहे, घासून जात नाही, कॅप बदला. मधला कार्बन स्प्रिंगवर वरखाली होतो का बघा. रोटरचं (मध्ये फिरून करंट वाटणाऱ्या तुकड्याचं) टोक जळून पांढरं झालं असेल तर तोही बदला. वायरी परत लावताना फायरिंग ऑर्डर ८०० ला १-३-२, पद्मिनीला १-३-४-२, आणि रोटर कुठल्या दिशेनं फिरतो ते कॅप उघडी ठेवून कुणालातरी जरासा सेल मारायला सांगून डोळ्यांनी बघा, अंदाजानं लावू नका.

पॉइंट. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडला असेल तर पॉलिश पेपर मारून दोन-चार दिवस निघतात पण पॉइंट बदलायलाच हवा, आणि इतका लवकर खड्डा पडला तर कंडेन्सर (पॉइंटवर उडणारी ठिणगी शोषणारी छोटी डबी) संशयित. कंडेन्सर गेला की करंट पिवळट, मरतुकडा येतो, गाडी गरम झाली की जास्तच मिस करते. हल्ली बाजारात मिळणारे नवीन कंडेन्सर काही खरे नाहीत, मी तर जुन्या गाडीतून काढलेला चालणारा जपून ठेवतो. पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी, कॅमचा उंचवटा बरोबर टाचेखाली आणून मोजायचा, आणि टाचेला ग्रीसचा फक्त एक ठिपका, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं. गॅप वाढवला की टायमिंग पुढे जातं, कमी केला की मागे, म्हणून आधी गॅप आणि मगच टायमिंग, उलटं केलं तर काम दोनदा.

आता माझी वायर. डेल्कोच्या आत जी प्लेट असते ना, जिच्यावर पॉइंट बसवलेला असतो, ती व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या (इंजिनच्या हवेच्या ओढीनं टायमिंग पुढे-मागे करणाऱ्या) डबीनं ओढली जाऊन थोडीशी फिरते. प्लेट फिरती म्हणून तिला अर्थ द्यायला एक मऊ, विणलेली, कापडी गुंडाळीची वायर असते. तीस वर्षं वाकून वाकून तिचे आतले धागे तुटले होते, वरचं कापड मात्र शाबूत, त्यामुळं नुसती बघून कुणालाही चांगलीच वाटणार. एक्सलेटर दिला की व्हॅक्यूम बदलायचा, प्लेट हलायची, अर्थ तुटायचा, करंट गायब, फट्. मला कळलं ते पण अपघातानं, कॅप काढून व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढत होतो आणि बल्ब टेस्टर पॉइंटला लावलेला होता, प्लेट सरकली की बल्बनं मिचकावलं. पुन्हा ओढलं, पुन्हा मिचकावलं. मी तिथंच खाली फरशीवर बसलो दोन मिनिटं. जुन्या मल्टिमीटरच्या प्रोबची मऊ वायर कापून सोल्डर केली, त्या दिवसापासून फटका नाही.

ती नळी ओढायची चाचणी तुम्हीही करा. ओढून जीभ लावून धरली की प्लेट तिथंच थांबली पाहिजे, हळूहळू परत आली तर डबीतला पडदा फाटलाय, आणि तोच पडदा हवेचं लीकसुद्धा आहे, म्हणजे स्लोला थरथर फुकटात.

फुकटची हवा

चोकच्या चाचणीत लीन निघाली असेल तर हे. इंजिन स्लोला ठेवा आणि इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना मिक्श्चर नेणाऱ्या पाइपाकडे) जाणारी एकेक रबरी नळी पकडीत फडकं धरून चिमटा. चिमटल्यावर इंजिन सुधारलं तर लीक त्या नळीच्या पुढच्या टोकाला आहे. ब्रेक बूस्टर असेल तर त्याची जाड नळी विसरू नका, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत इनटेकला नेणाऱ्या व्हॉल्व्हची) पण. नळ्यांची टोकं बघा, जिथं बसतात तिथंच त्या फुटतात, एक सेंटीमीटर कापून परत बसवली की कित्येकदा काम होतं. न वापरलेल्या तोटीवरचं रबरी टोपण उडालेलं असतं, ते तर कुणी बघतच नाही.

कार्बोरेटरखालचं आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासायला लोक पेट्रोल शिंपडतात, कृपा करून करू नका, खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. साबणाचं पाणी थेंब थेंब टाका, लीक असेल तर ते आत ओढलं जातं आणि इंजिनचा आवाज क्षणभर बदलतो.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर सोन्याहून पिवळं. चांगलं इंजिन स्लोला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो, पण हे समुद्रसपाटीचं, दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरा. पुण्यात जवळजवळ दोन इंच कमी येणार, महाबळेश्वरला चार, तिथं घाबरून टायमिंग फिरवायला जाऊ नका. काटा स्थिर पण खाली असेल तर हवेचं लीक किंवा टायमिंग मागे. ठरावीक तालात टपकन खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह बसत नाहीये.

टॅपेट, पट्टा, कॉम्प्रेशन

टॅपेट टाईट झाले की आवाज करत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं झकास. ढिला टॅपेट टकटक करतो, टाईट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. ८०० ला थंड इंजिनवर ०.१३ ते ०.१८ मिमी. ज्यांच्या गाडीचा टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय आणि त्यानंतर फटके सुरू झालेत त्यांनी बाकी काही न बघता आधी बेल्टच्या खुणा जुळवून बघाव्यात, एक दात चुकला तरी गाडी चालते पण पिकअप मरतो आणि पुढून खोकते.

कॉम्प्रेशन मोजताना तिन्ही प्लग काढा, कॉईलची वायर सोडा, एक्सलेटर पूर्ण दाबून ठेवा. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती ते महत्त्वाचं. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल टाकून परत मोजा, वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट, मग मात्र गॅरेज.

टायमिंग स्ट्रोब लाईटनं बघा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करून, आणि आकडा आपल्याच गाडीच्या मॅन्युअलचा घ्या. कानानं टायमिंग लावणारे जुने मिस्त्री असतात, मी त्यांच्यातला नाही.

सीएनजीवाल्यांसाठी

जुन्या व्हेंचुरी किटवर (ज्यात गॅस कार्बोरेटरच्या तोंडाशीच हवेत मिसळतो) फटका बसला की एअर फिल्टरचा डबाच फुटतो, कारण मॅनिफोल्डपासून फिल्टरपर्यंत सगळीकडे गॅस आणि हवा भरलेली असते. गॅसला पेटवायला करंट जास्त जोरदार लागतो, त्यामुळं पेट्रोलवर गुणी वाटणारी गाडी सीएनजीवर फटके मारते तेव्हा नव्वद टक्के वेळा प्लग, वायर, कॅप. गॅप जरा कमीच ठेवा. डबा बदलत बसण्याआधी एवढं करा.

आणि आता कार्बोरेटर

एवढं सगळं ठीक असेल तरच स्क्रू ड्रायव्हर उचला. न खोलता बघण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. चावी ऑन करा, इंजिन चालू न करता, कार्बोरेटरच्या सोलेनॉइडची (करंट मिळाला की स्लोचं पेट्रोल उघडणाऱ्या झडपेची) वायर काढून परत टेकवा, टक् असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर पाय काढला की गाडी बंद पडणारच. दुसरं, इंजिन बंद, फिल्टर काढलेला, वरून घशात बघत हातानं थ्रॉटल झटकन फिरवा, पेट्रोलची बारीक पण ठणठणीत पिचकारी दिसली पाहिजे. थेंब थेंब गळलं किंवा अर्ध्या सेकंदानं आलं तर एक्सलेटर पंप गेलाय, सुटताना पुढून खोकायचं हे ठरलेलं कारण.

महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोल वाळून स्लो जेटमध्ये वार्निशसारखं बसतं. क्लीनर आणि हवेनं साफ करा, तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या जेटवर गाडी थोडी लीन चालते, सेन्सरवाली गाडी स्वतः सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. शिवाय ते पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. म्हणून नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या, आणि गाडी उभी राहणार असेल तर पंधरा दिवसांतून एकदा तरी वीस मिनिटं चालवा, नुसती जागेवर चालू करून नाही.

मिक्श्चर लावताना इंजिन पूर्ण गरम, चोक आत, लाईट बंद. मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत नेत किती फेरे होतात ते मोजा आणि लिहून ठेवा, आवळू नका, टोक खराब होतं. मग दोन फेरे बाहेर, चालू करा, आणि पाव-पाव फेरा करत जिथं इंजिन सगळ्यात भरून आणि एकसारखं चालतं तिथं थांबा, प्रत्येक वेळी दहा सेकंद वाट बघून. मग स्लोचा स्क्रू फिरवून साधारण ९०० आरपीएमवर आणा, आणि परत एकदा मिक्श्चर, कारण एक हललं की दुसरं हलतं. इथेनॉलमुळं माझ्या गाडीला आधीपेक्षा पाऊण फेरा जास्त बाहेर लागला. तो आकडा मास्किंग टेपवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, पुढच्या गॅरेजवाल्यानं फिरवला तरी परत कुठं आणायचा ते मला माहीत असावं म्हणून.